हळद लागलेली हार्ड डिस्क

बेलापूरच्या मार्केटात पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, कुंदन कोळीचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा आहे. बाहेर पाटी नाही. होती, पण एका वाऱ्यात ती खाली आली आणि कुंदनने परत लावली नाही. आपल्याकडे येणाऱ्याला पाटी लागत नाही, असं त्याचं म्हणणं. ही फुशारकी झाली खरी, पण अगदीच खोटी नाही. ऐरोलीच्या ऑफिसांतली पोरं-पोरी लॅपटॉप पाठीला लावून त्याच्याकडे येतात, आणि दिवाळे गावच्या कोळीवाड्यात तर कुणाचा कॉम्प्युटर नुसता शिंकला तरी पहिला फोन कुंदनला जातो.

कुंदन दिवाळ्याचाच. वडिलांची होडी होती, थोरला भाऊ अजून खाडीत जाळं टाकतो. कुंदनला मात्र होडीत पाय टाकला की मळमळायचं. कोळ्याच्या पोराला होडी लागते, ही बातमी गावाने वर्षभर चघळली. शेवटी आईने त्याला आपल्या टोपलीमागे बसवलं आणि मासा पारखायला शिकवलं. कल्ला उचलून रंग बघायचा, डोळा फुगीर आहे का बघायचं, आणि मग पोटावर अंगठा दाबायचा. खळगा लगेच भरून आला तर मासा आजचा. यातल्या दोन गोष्टी बघून तिसरी सोडली की आईची टपली बसायची. "कल्ला लाल दिसला म्हनून हुरळू नको," ती म्हणायची. "त्याला रगत चोपडनारे पन हायेत बाजारात."

आई गेली, टोपली गेली, पण अंगठा तेवढा राहिला. चालू हार्ड डिस्कवर कुंदन आधी अंगठा ठेवतो. आतली तबकडी नीट फिरत असेल तर एकसारखी बारीक थरथर लागते. मधेच टक्क करून अडखळली तर त्याच्या कपाळाला आठी पडते. मग तो तिची वही उघडतो. हार्ड डिस्क आपल्या दुखण्याची नोंद आपणच ठेवत असते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. किती तास चालली, किती तापली, वायरीतून माहिती जाताना किती वेळा घोटाळा झाला, तबकडीवरची किती घरं खराब झाली म्हणून सोडून द्यावी लागली, आणि किती घरं अशी आहेत की ती वाचायला गेलं तर वाचता येत नाहीत पण अजून सोडलेलीही नाहीत. कुंदनच्या मते ही शेवटची नोंद सगळ्यांत महत्त्वाची. तो त्यांना 'लटकलेली घरं' म्हणतो. तिथे शून्य पाहिजे. वायरीचे घोटाळे हजारांत गेले तरी वायर बदलून भागतं. लटकलेली घरं आठ झाली तरी सामान बांधायला लागावं.

हे तो सगळ्यांना सांगतो. खांदेश्वरचे निवृत्त मास्तर बंडूकाका तर दर दोन महिन्यांनी आपली डिस्क दाखवायला घेऊन येतात, जसे लोक रक्तदाब मोजायला जातात. डिस्क ठणठणीत असते. काका तरी विचारतात, "कुंदनराव, ताप चव्वेचाळीस दाखवतंय हो." कुंदन म्हणतो, "काका, बाहेर छत्तीस आहे. तिला घाम आलाय, आजार नाही." काका समाधानाने घरी जातात. अशा माणसाने लटकलेली घरं स्वतःच बघून न बघितल्यासारखी करावीत, याला काय म्हणावं? पण झालं तसं, आणि तेही आपल्याच गावात, आपल्याच माणसांच्या घरी.

पंढरी हा कुंदनचा चुलत भाऊ, वयाने मोठा. त्याची आई गोजराकाकी ही दिवाळ्याची धवलारीण. कोळी-आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि धवलारणीने तो गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. गोजराकाकीने पन्नास वर्षं गावातली लग्नं लावली. कुंदनचंही तिनेच लावलं. एकही ओळ कधी कागदावर नव्हती. तेरा वर्षांपूर्वी नातू रूपेश नववीत असताना त्याने सुट्टीत हौस म्हणून आजीला मोबाइलसमोर बसवलं आणि बेचाळीस धवले रेकॉर्ड करून घरच्या कॉम्प्युटरात टाकले. तो मोबाइल पुढे खाडीत पडला. रूपेश मोठा होऊन जहाजावर नोकरीला गेला. आणि दोन वर्षांपूर्वी काकीला लकवा झाला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं सगळं, डोळ्यांनी घर चालवते, पण शब्द फुटत नाही.

तेव्हा गावाला एकदम आठवलं की आपल्याकडे दुसरी धवलारीण नाही. पंढरीची बायको सुचिता पुढे झाली. ती करंजा गावची, सासूची वाचा शाबूत होती तेव्हा कधी तिच्याजवळ शिकायला बसली नव्हती, आणि ही खंत तिला पोखरत होती. रोज दुपारी जेवणं आटोपली की ती कॉम्प्युटर लावायची, एक धवला दहा-दहा वेळा ऐकायची आणि सासूकडे बघत म्हणायची. चुकलं की काकी डाव्या हाताने पलंगाची पट्टी वाजवायची. अशी बत्तीस गाणी पाठ झाली. पुतणी उन्नतीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि सुचिताची धवलारीण म्हणून पहिली खुर्ची तिथेच मांडायची होती. अजून दहा धवले बाकी होते, त्यातच देवांना आवतण देण्याचा, सगळ्यांत लांब आणि नावांनी भरलेला.

आता दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला कोळीवाड्यात होडीच्या इंजिनापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. सुचिताने विचार केला, ज्याच्यातून सासूबाईंचा आवाज येतो त्याला नुसत्या डब्यावरून हळदकुंकू लावून काय उपयोग? तिने पंढरीकडून कॅबिनेटचं झाकण काढवलं, रूपेशने एकदा दाखवलेली हार्ड डिस्क ओळखली, आणि तिला, तिच्या वायरीला, वायरीच्या तोंडाला ओली हळद आणि कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर रांगायला लागला.

"भावजी, लय हलू झालाय तो," सुचिताने फोन केला. कुंदन संध्याकाळी गेला, झाकण उघडलं आणि हसून हसून खाली बसला. वायरीच्या तोंडाशी हळदीची पिवळी खपली, तिच्यात खाडीच्या खाऱ्या हवेने धरलेला हिरवा गंज. वही उघडली तर वायरीचे घोटाळे साडेतीन हजार. आणि खाली, तीन-चार ओळी सोडून, लटकलेली घरं: आठ. ते आठ कुंदनने पाहिले होते. नंतर कितीही आठवून बघितलं तरी आपण ते पाहिले नव्हते असं तो स्वतःला सांगू शकला नाही. पण समोर एवढा मोठा आकडा होता, एवढं गमतीदार कारण होतं, आणि वैनीने चहा ठेवला होता. त्याने वायर बदलली, हळद पुसली. कॉम्प्युटर धावायला लागला.

"आता टेन्शन नाय," तो म्हणाला. "चार वर्षं बघायला नको."

हळद लागलेल्या हार्ड डिस्कचा किस्सा त्याने पुढे गाळ्यात येईल त्याला सांगितला. ऐरोलीची ऋता नावाची एक मुलगी, एका ऑफिसात काम करणारी, ती तेवढी हसली नाही. तिने विचारलं, "आणि बॅकअप घेतला का त्यांचा?" कुंदनने तिचा लॅपटॉप तिच्या हातात दिला आणि विषय बदलला.

शिमग्याला पुन्हा फोन आला. कुंदन होळीच्या मिरवणुकीत, कानाशी ढोल. "भावजी, काला पडदा येतो, इंग्लिशमदी कायतरी लिवून येता. हार्ड डिस्क बॅड का काय."

"खाली एफ-वन लिवलाय का?"

"हाय."

"मग एफ-वन दाब, चालू होयल. जुनी नोंद असल, वायरीची."

दाबलं, चालू झालं. कुंदन बोलला म्हणजे विषय संपला, असा त्या घराचा हिशेब. दोन महिने घरातलं जो कुणी कॉम्प्युटर लावी तो न वाचता एफ-वन दाबी. पंढरीला तर वाटायचं की कॉम्प्युटर चालू करायचं बटण तेच.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना, दुपारी, सुचिता स्वतः गाळ्यात आली. कॅबिनेट तिने रिक्षात मांडीवर घेऊन आणली होती. "भावजी, आज तो एफ-वन पन नाय घेत," ती म्हणाली, आणि कुंदनच्या तोंडाकडे बघत राहिली, डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तशी.

कुंदनने डिस्क बाहेर काढली, आपल्या मशीनला जोडली, अंगठा ठेवला. थरथर, थरथर, टक्क. थरथर, टक्क, टक्क. वही उघडली. वायरीचे घोटाळे साडेतीन हजार, तितकेच्या तितकेच. दसऱ्यापासून एकाचीही भर नाही. लटकलेली घरं तीनशे बारा. वायरीचं दुखणं दसऱ्यालाच बरं झालं होतं. शिमग्याला आलेली सूचना ह्याच दुखण्याची होती, आणि त्याने ती न बघता ढोलाच्या आवाजात उडवून लावली होती.

"वैनी, बस," तो म्हणाला. "आदी एक सांगतो. हा तुमचा दोष नाय, हळदीचा पन नाय. दसऱ्याला मना दिसला होता. मी सोडला. आनि शिमग्याला बघायला यायला पायजे होता, तर फोनवरच एफ-वन सांगितला."

सुचिता स्टुलावर बसली. मग म्हणाली, "आयचा आवाज हाय ना आत?"

"हाय. किती हाय ते बघू दे."

अशा वेळी दहातले नऊ जण घाईने दुरुस्तीचा प्रोग्राम लावतात आणि उरलीसुरली डिस्कही मारतात. तो प्रोग्राम खराब घरांवर पुन्हा पुन्हा घाव घालतो. कुंदनने त्या प्रोग्रामला हातही लावला नाही. दुसरी कोरी डिस्क घेतली आणि नुसती नक्कल सुरू केली, तीही अशी की जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, अडलं तिथे हट्ट न करता पुढे जायचं, आणि सोडलेल्या जागांकडे शेवटी परत यायचं. मासळीची टोपली उपडी झाली तर आधी धड मासे उचलतात, तसंच. छोटा पंखा आजारी डिस्ककडे वळवला. बाकीची कामं बाजूला ठेवली. बंडूकाका आले, तर त्यांना म्हणाला, "काका, आज आयसीयू आहे," आणि काका बिचारे स्टुलावर बसून तासभर स्क्रीनवरच्या नकलेच्या पट्टीवरचा आकडा वाढताना बघत राहिले. जाताना म्हणाले, "माझ्या डिस्कचा ताप मी आता नाही हो विचारणार." कुंदनला हसू आलं.

तीन दिवस नक्कल चालली. तो सकाळी येई, अंगठा ठेवी आणि टक्क ऐके. तिसऱ्या दिवशी दुपारी डिस्कने शेवटचं घर दिलं आणि ती फिरायची थांबली. पुन्हा फिरलीच नाही.

बेचाळीसपैकी एक्केचाळीस धवले अखंड मिळाले. एकात भोक होतं. देवांच्या आवतणाचा धवला, सोळा मिनिटांचा. त्यात नवव्या मिनिटाला काकीचा आवाज तुटत होता आणि अकरा सेकंदांनी परत येत होता.

अकरा सेकंद. कुंदन कानाला हेडफोन लावून बसला. आवाज जिथे तुटतो आणि जिथे परत येतो त्या दोन्ही टोकांना ताल तोच होता. त्याने ती टोकं जवळ आणून जोडून बघितली. बेमालूम बसली. पाच वेळा ऐकलं, त्याला स्वतःलाही सांधा सापडेना. सुचिता करंज्याची, तिला या गावच्या देवांची नावं पाठ नाहीत. गाव लग्नात बाया गात असताना पंगतीकडे बघत असतं. आणि काकीला बोलता येत नाही. सगळे मिळाले म्हणून सांगितलं की संपलं. कुंदनचा शब्द गावात पहिल्यासारखा उभा. खोटं का सांगा, त्याला फार मोह झाला. चहा मागवून, तो थंड होईपर्यंत तो त्या जोडलेल्या गाण्याकडे बघत बसला.

मग त्याला कल्ल्यांना रक्त चोपडणारे आठवले. आईने आयुष्यभर त्या लोकांच्या शेजारी टोपली मांडली नव्हती. त्याने जोडलेलं गाणं पुसून टाकलं आणि भोक होतं तसं ठेवलं. सगळे धवले दोन पेन ड्राइव्हवर घेतले, रूपेशला जहाजावर पाठवले, आणि दिवाळ्याला निघाला.

गोजराकाकी खिडकीशी पलंगावर उशीला टेकून होती. बाहेर दोरीवर बोंबील वाळत होते. कुंदन तिच्या पायाशी बसला. येताना रिक्षात त्याने काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, ते सगळं विसरला.

"काकी, एक धवला फाटला. अकरा सेकंद. चूक माजी हाय, दुसऱ्या कोनाची नाय."

काकीने त्याच्याकडे बघितलं. राग होता की नव्हता ते त्याला कळेना. तिने डाव्या हाताची दोन बोटं हलवली: लाव.

सुचिताने आवतणाचा धवला लावला. तेरा वर्षांपूर्वीची काकी खणखणीत आवाजात एकेका देवाला त्याच्या जागेसकट नाव घेऊन मांडवात बोलावू लागली. गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्या मारुतीला बोलावलं, खाडीपलीकडच्या देवीला बोलावलं. नववं मिनिट आलं आणि आवाज तुटला. खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला. कुंदनने मान खाली घातली.

"भावजी," सुचिता हळूच म्हणाली, "आयकडं बगा."

काकीचे ओठ हलत होते. वाकड्या झालेल्या तोंडातून आवाज येत नव्हता, पण ओठ सावकाश, लयीत हलत होते, आणि डाव्या हाताचं बोट पट्टीवर ठेका देत होतं. ते थांबले आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरातून आवाज परत आला, पुढच्या देवाचं नाव घेत. एका मात्रेचाही फरक नव्हता.

सुचिताने गाणं मागे नेलं. पुन्हा शांतता, पुन्हा ओठ. आता ती सासूच्या तोंडासमोर तोंड नेऊन बसली. "उगा... उगारी? उघाडी?" बोटाने पट्टी वाजवली नाही, म्हणजे बरोबर. "उघाडीवरचा..." पुन्हा मागे नेलं. "बाप? बापदेव?" काकीने डोळे मिटले आणि मान हलवली. उरलेले शब्द मिळायला पाऊण तास लागला. चुकलं की पट्टी वाजे, सुचिता परत मागे नेई. उघाडी म्हणजे खाऱ्या शेताच्या बांधाला खाडीचं पाणी अडवायला आणि सोडायला ठेवलेलं दार. त्या दाराशी एक शेंदूर लावलेला दगड होता, पाणी राखणारा बापदेव. बांध गेला, शेतं गेली, आता तिथे रस्ता आहे आणि गाड्या लावायची जागा. कुंदन त्या जागेवर रोज स्कूटर लावतो. तिथे देव होता हे त्याला सेहेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. हे नाव आता फक्त काकीच्या ओठांवर उरलं होतं, आणि तिथे पोचायला ते भोक उघडं राहायला हवं होतं. टोकं जोडून दिली असती तर काकीने पट्टी वाजवली असती, आणि चुकलं कुठे हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते.

काकीने त्याला डाव्या हाताने जवळ बोलावलं. तो वाकला. तिने त्याच्या डोक्यात एक टपली मारली, आईसारखीच, आणि मग तो हात तसाच त्याच्या केसांवर ठेवला. कुंदन सगळ्यांसमोर रडला. पंढरीने बाहेर जाऊन बोंबील उलटवायला घेतले.

उन्नतीच्या लग्नाला मांडवात सुचिता खुर्चीवर बसली, शेजारी चाकाच्या खुर्चीत काकी. देवांना आवतण सुरू झालं तेव्हा माणसं नेहमीप्रमाणे गप्पांत आणि पंगतीच्या तयारीत होती. कुंदन मात्र खांबाला टेकून ऐकत होता. सुचिताचा आवाज उघाडीवरच्या बापदेवाशी आला, तसे मागे बसलेले दोन-तीन म्हातारे बोलता बोलता थांबले आणि वर बघू लागले. काकीचं बोट खुर्चीच्या दांडीवर ठेका देत होतं. कुंदनने मनगटावरचं घड्याळ वर धरलं होतं. बापदेवाला मांडवात बोलवायला अकरा सेकंद लागतात.